अप्पांना विचारा : नळीची आवड

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो, की खोक्यावरची किंमत बघून काडतूस अचूक ठरत नाही, ते नळी ठरवते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच : फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे चौतीस वर्षं उभा होतो, राहतो ठाकुरद्वारला, आणि गुडघे साथ देतात तोवर शनिवारी सकाळी वरळीच्या रेंजवर पोरांच्या मागे उभा राहून ‘बोट घोड्यावरून काढ’ असं ओरडत असतो. या वेळी चार-पाचच पत्रं घेतो, पण जरा सविस्तर.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांपासून कॅनडात, अल्बर्टा प्रांतात आहे. तिथले मित्र दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात, म्हणून त्यानेही रीतसर परवाना काढून पॉइंट ३०८ (ही इंचात गोळीची जाडी) विंचेस्टर रायफल घेतली. तीन प्रकारची काडतुसं आणून १०० मीटरवर प्रत्येकी तीन-तीन गोळ्या मारल्या. स्वस्तातली, १५० ग्रेन वजनाच्या गोळीची : ३८ मिलिमीटरचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांतलं अंतर. महागडी, शिकारीसाठीची १६५ ग्रेनची : २७ मिलिमीटर. आणि १६८ ग्रेनची मॅच, म्हणजे स्पर्धेची, काडतुसं : १९ मिलिमीटर. तो म्हणतो, निकाल लागला, मॅचची घेतो. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण तुमचा स्तंभ वाचतो म्हणून विचारतो. बरोबर आहे का? – एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : काका, मुलाने कागदावर मारून बघितलं, मोजलं आणि लिहून ठेवलं, इथेच तो माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या पुढे गेला. आमच्याकडे येणारे बहुतेक जण खोक्यावरचं चित्र बघून काडतुसं न्यायचे. पण त्याचा निकाल दोन ठिकाणी फसलाय.

पहिलं, तीन गोळ्या. तीन गोळ्यांचा ग्रुप म्हणजे पहिल्या तीन षटकांवरून कसोटीचा निकाल सांगणं. तीच रायफल, तेच काडतूस, तोच माणूस, आणि तीनऐवजी दहा गोळ्या मारल्या, तर ग्रुप सरासरी दीडपटीहून थोडा जास्तच मोठा येतो. यात रायफलचा दोष नाही. जितक्या जास्त गोळ्या, तितकी एखादी बाजूला जाण्याची शक्यता जास्त, एवढाच साधा हिशेब. म्हणजे आज २७ दिसणारा आकडा दहा गोळ्यांवर ४२-४३ होईल. आणि ३८ आणि २७ मधला फरक? तीन गोळ्यांवर तो निव्वळ नशिबाचा असू शकतो. उद्या सकाळी हेच आकडे उलटे आले तरी मला नवल वाटणार नाही.

त्याला सांगा, प्रत्येक प्रकारच्या निदान दहा गोळ्या मार. एका दमात नको. शिकारी रायफलची नळी बारीक असते, सलग पाच-सहा गोळ्यांनंतर ती तापते आणि काही नळ्या तापल्या की गोळी हळूहळू एका बाजूला सरकवायला लागतात. तीन मार, रायफल उघडी ठेव, चहा पी, नळीला हात लावून बघ, गार वाटली की पुढच्या तीन. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्या तीन-चार गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत, कारण नळीत आधीच्या गोळीच्या तांब्याचा थर असतो, नव्या गोळीला तो आपलासा करायला वेळ लागतो. नवी सून आल्यावर स्वयंपाकघराचं होतं तसं.

आता दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. १६८ ग्रेनच्या मॅच काडतुसात बहुधा टोकाला बारीक भोक असलेली गोळी असते. खोक्यावर सिएरा मॅचकिंग असं नाव असेल तर ती नक्की तीच. पॉइंट ३०८ मध्ये ती गोळी कागदावर इतकी अचूक जाते, की अमेरिकेत वर्षानुवर्षं लोक तिच्यावरच रायफल पारखतात. पण टोकाचं ते भोक शिकारीसाठी नाही, ते गोळी बनवण्याच्या पद्धतीतून राहतं. अशी गोळी हरणाच्या अंगात गेली की कधी फुटून तुकडे होतात, कधी सुईसारखी आरपार निघून जाते. काय होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून खुद्द बनवणारेच ती शिकारीला वापरू नका म्हणतात. शिकारीची गोळी आत गेल्यावर छत्रीसारखी उमलली पाहिजे आणि तरी एकसंध राहिली पाहिजे. तसं झालं नाही तर जनावर जखमी होऊन दोन-दोन दिवस रानात फिरतं. तुमच्या मुलाने १९ मिलिमीटरचा कागद भिंतीवर लावावा, पण रानात ते काडतूस नेऊ नये.

मग उरली दोन. हरणाच्या छातीत, जिथे गोळी बसली की ते लगेच पडतं, ती जागा साधारण २० सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या घरातली नाश्त्याची थाळी. स्वस्तातल्या काडतुसाचा ३८ चा आकडा दहा गोळ्यांवर ६० मिलिमीटर होईल असं धरलं, तरी २०० मीटरवर तो साधारण १२० मिलिमीटर पसरेल. थाळीच्या आत आरामात बसतं. म्हणजे त्याचं स्वस्तातलं काडतूससुद्धा त्या कामाला पुरेसं अचूक आहे! थंडीत, जाड हातमोजे घालून, धापा टाकत गुडघ्यावर बसून नेम धरताना त्याचे स्वतःचे हात जेवढे हलतील, त्यापुढे दोन खोक्यांतला फरक काहीच नाही. मी त्याच्या जागी असतो तर १६५ ची घेतली असती, ती अचूक आहेत म्हणून नव्हे, तर महाग गोळीत शिसं आणि वरचं तांब्याचं कवच बहुधा एकमेकांना पक्कं चिकटवलेलं असतं आणि हाडाला लागूनही ती तुटत नाही म्हणून.

काहीही घेतलं तरी एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, चार-पाच खोकी एकदम घ्यायला सांगा. लॉट नंबर खोक्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर छापलेला असतो. कंपनी दारूचा नवा साठा आणते आणि नाव तेच राहतं, पण वेग थोडा बदलतो, गोळी बसण्याची जागा बदलते. आणि १५० ने दुर्बीण जुळवून ऐन वेळी १६५ घालायची नाही. दोन्हींच्या जागा १०० मीटरवरही वेगळ्या पडतात.

अल्बर्टात नोव्हेंबरात थंडी म्हणजे थंडी असते. उणे वीसला दारू थोडी मंद जळते, गोळी थोडी खाली बसते. म्हणून शेवटची जुळवणी सप्टेंबरच्या उन्हात नको, थंडी पडल्यावर कर म्हणावं. आणि नळी गार असताना सुटलेली पहिली गोळी कुठे जाते ते चार-पाच वेगवेगळ्या दिवशी बघून ठेव. शिकारीत तीच एक गोळी खरी असते.

एक कळकळीचं सांगणं. मुलगा दिवाळीला घरी येईल तेव्हा बॅगेत, जॅकेटच्या खिशात, कुठेही एकही काडतूस राहिलेलं नाही हे दोनदा तपासून निघायला सांगा. ‘बाबांना दाखवायला एक आणलं’ म्हणणाऱ्यांवर विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. रिकामी पुंगळीसुद्धा नको. फोटो आणावा, तो मलाही पाठवावा.

प्रश्न : ग्रेन म्हणजे काय? गोळी कशाचे तरी दाणे भरून बनवतात का? – इयत्ता नववी, ठाणे

उत्तर : बाळा, हसत नाही, कारण मीही पहिल्याच आठवड्यात मालकांना हेच विचारलं होतं. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणाच, पण तो वजनाचा. इंग्रजांनी जवाच्या दाण्यावरून वजन ठरवलं, जसं आपल्या सोनारांनी गुंजेवरून ठरवलं. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा पंधरावा हिस्सा, नेमकं सांगायचं तर ०.०६४८ ग्रॅम.

गंमत पुढे आहे. माझे मामा झवेरी बाजारात कारागीर होते. मी दुकानात लागल्यावर त्यांना १८० ग्रेनची गोळी सांगितली, तर ते म्हणाले, ‘अरे, हा तर तोळा!’ खरंच होतं. इंग्रजांनी १८३३ मध्ये आपला तोळा बांधून दिला तो बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आजचा दहा ग्रॅमचा तोळा नव्हे, जुना. आणि तोळ्याचे मासे बारा, म्हणजे मासा पंधरा ग्रेनचा. आता बघ : १५० ग्रेन म्हणजे दहा मासे, १६५ म्हणजे अकरा मासे, १८० म्हणजे पुरता तोळा. पॉइंट ३०-०६ च्या काडतुसांत हीच तीन वजनं सगळ्यात जास्त खपतात! हा निव्वळ योगायोग, पण मी आयुष्यभर माशांतच हिशेब केला आणि कधी चुकलो नाही. तुझ्या रेंजवरच्या पॉइंट २२ ची ४० ग्रेनची गोळी मात्र पावणेतीन माशांनाही कमी, जेमतेम नाकातली नथ.

प्रश्न : मी पॉइंट २२ प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारते, दोन वर्षं झाली. प्रशिक्षक सांगतात लॉट बघून घे. माझी मैत्रीण एली टेनेक्स ही महाग काडतुसं वापरते आणि तिचे स्कोअर चांगले येतात, म्हणून मी बाबांकडे हट्ट करून तीच आणली. माझा ग्रुप आधीच्या स्वस्त काडतुसांपेक्षा वाईट येतोय. पैसे वाया गेले का? बाबांना काय सांगू? – एक नेमबाज, दादर

उत्तर : बाबांना सांग, काडतूस चांगलंच आहे, फक्त हा लॉट तुझ्या नळीशी जमत नाही. आणि उरलेली खोकी फेकू नकोस, सराव त्यावर होतो. कोणाच्या तरी नळीला हाच लॉट आवडेल, रेंजवर विचारून बघ. देवाणघेवाण मात्र प्रशिक्षकांच्या आणि परवान्याच्या नोंदीतूनच, खिशातून खिशात नाही.

आता हे का होतं ते नीट समजून घे, कारण तुझ्या खेळात काडतुसाच्या निवडीला जेवढं महत्त्व आहे तेवढं शिकाऱ्याच्या बापजन्मात नसतं. त्याची थाळी २० सेंटिमीटरची, तुझी दहाची रिंग ५० मीटरवर १०.४ मिलिमीटरची, आणि गोळीच मुळी ५.६ मिलिमीटर जाड. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ आणलं ते याच रिंगणावर.

पॉइंट २२ च्या काडतुसाला मोठ्या काडतुसासारखी मध्यभागी टोपी नसते. पेटणारं रसायन पुंगळीच्या कडेच्या वळीत भरलेलं असतं, आणि ते त्या बारीक खाचेत गोल फिरवून पसरवावं लागतं. ते कुठे जरा जाड, कुठे जरा पातळ बसलं, की दारू पेटण्यात फरक पडतो. वेगात नुसता ३ टक्के फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर-खाली होते. दहाची रिंग किती म्हणालो? साडेदहा. म्हणजे तू श्वास अगदी बरोबर रोखलास, घोडा लोण्यासारखा सोडलास, तरी दहाचा नऊ होऊ शकतो आणि तू रात्रभर स्वतःला दोष देणार.

म्हणूनच बर्मिंगहॅमला एलीकडे आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे, म्हणजे काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांकडेच, नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. नळी शिकंज्यात घट्ट बांधतात आणि एकामागून एक लॉट मारून बघतात. एकाच नावाचे, एकाच किमतीचे लॉट, एकाच नळीतून, आणि एकाचा ग्रुप दुसऱ्याच्या दीडपट. मग जो जमतो त्याची पेटीच्या पेटी उचलतात.

आपण दादरहून बर्मिंगहॅमला जाऊ शकत नाही, ठीक आहे. तीन लॉटचं प्रत्येकी एक-एक खोकं मिळवायचा प्रयत्न कर, प्रशिक्षकांची ओळख इथे कामाला येते. रायफल पुढे आणि मागे वाळूच्या पिशवीवर टेकव, स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) लावू नकोस, कारण आज परीक्षा तुझी नाही, काडतुसाची आहे. सकाळी सातच्या सुमाराला बस. वरळीला दहा-साडेदहानंतर समुद्राचं वारं धरतं, आणि पॉइंट २२ ची हलकी गोळी ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात इंचभर सरकते. दुपारी केलेल्या चाचणीत तू लॉट नव्हे, वारा तपासशील.

लॉट बदललास की आधीच्या दहा गोळ्या नुसत्या मार. पॉइंट २२ च्या गोळीला मेणासारखं वंगण असतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते नळीला लागायला तेवढ्या लागतात. मग प्रत्येक लॉटच्या वीस, दहा-दहाच्या दोन ग्रुपांत, आणि क्रम उलटापालटा : पहिला, दुसरा, तिसरा, मग तिसरा, दुसरा, पहिला. कागदाच्या मागे लॉट नंबर, तारीख आणि वेळ. सगळ्यात लहान ग्रुप शोधू नकोस, ज्या लॉटमध्ये बाहेर पळालेली गोळी नाही तो शोध. दहातली नऊ एका भोकात आणि एक आठमध्ये, असा लॉट स्पर्धेत रडवतो.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. तरुणपणी मीही प्रोन मारायचो. एका राज्यस्तरीय स्पर्धेला जाताना मी माझ्या लॉटचं एकच खोकं घेतलं, दुसरं खोकं दुकानातून घाईत उचललं. तेच नाव, तोच रंग, कडेवरचा नंबर बघितला नाही. तिसऱ्या सिरीजला गोळ्या अचानक डावीकडे खाली बसायला लागल्या. मी साइट फिरवत राहिलो, श्वास बदलत राहिलो, गाद्या हलवल्या. दोन सिरीज गेल्यावर खोकं उलटं करून बघितलं. चूक सर्वस्वी माझी, आणि मी काडतुसांच्या दुकानात नोकरीला होतो! मालकांनी आठवडाभर मला ‘लॉटसाहेब’ म्हणून हाक मारली.

अजून एक, ‘जास्त वेगाची घे, वारा लागणार नाही’ असं कुणी सांगेल. घेऊ नकोस. मॅच काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरने सुटते, मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली. आवाजापेक्षा जोरात सुटलेली पॉइंट २२ ची गोळी वाटेतच मंदावून आवाजाच्या वेगाखाली उतरते, आणि तो उंबरा ओलांडताना ती डगमगते. वेग जास्त आणि ग्रुप वाईट.

पावसाळ्यात काडतुसं लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांशेजारी ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा डबा, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या कोरड्या पुड्या, बस. गोळीवर बोटाने पुसायचं नाही, ते वंगण आहे, धूळ नाही.

प्रश्न : ज्या देशात शिकारीला बंदी आहे, तिथल्या मराठी मासिकात शिकारीच्या काडतुसांवर लिहून तुम्ही काय साधता? आपल्याला लाज वाटत नाही का? – गिरगाव

उत्तर : तुम्ही शेजारचेच, समोर भेटलात तरी हेच सांगेन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली हे चांगलंच झालं, आणि मी आयुष्यात कागदाशिवाय कशावर गोळी झाडलेली नाही. पण जिथे ती कायद्याने चालते तिथे आपली मुलं आता राहतात आणि घरी फोन करून विचारतात. ज्याला गोळी चालवायचीच आहे, त्याला कुठली गोळी जनावर तडफडत ठेवते ते सांगणं मला लाजिरवाणं वाटत नाही.

आणि आपल्याच खेतवाडीतला एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडून, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती कोणती हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला होता. पुढे तो सलीम अली झाला. बंदुकीपासून पक्ष्यांपर्यंतचा रस्ता आपल्या गल्लीतूनच गेलाय.

प्रश्न : आजोबांची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली पॉइंट ३१५ रायफल आमच्या चिपळूणजवळच्या घरी आहे. ते गेल्या वर्षी वारले. कपाटात जुन्या काडतुसांची दोन खोकी सापडली, बुडावर ‘केएफ’ असं आहे. गावाला रानडुकरांनी भाताची नासाडी चालवलीय. काका म्हणतात, तीच काडतुसं वापरू, आणि नवी घ्यायची तर सगळ्यात अचूक कुठली? – अंधेरी

उत्तर : आधी काकांच्या हातातून रायफल खाली ठेवा. मग बोलू.

परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आज ती रायफल घरात असणं हाच गुन्हा ठरू शकतो. लगेच पोलीस ठाण्यात कळवा आणि ती तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. अर्ज जिथे राहता तिथे : मुंबईत पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. आणि परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायचा परवाना मिळाला असं नाही. त्याला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. नुकसानभरपाईचा अर्जही वनखात्याकडेच, पंचनामा लवकर करून घ्या.

आता रायफलबद्दल, कारण ती वस्तू मला आवडते. ली-एनफिल्डच्या बांध्यावर बनवलेली, बोल्ट तोच गुळगुळीत. लष्कराचं पॉइंट ३०३ साध्या माणसाला ठेवता येत नसे, म्हणून तिला वेगळं काडतूस दिलं. ते मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं मॅनलिकर, ८ बाय ५०, बुडाला कड असलेलं. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी. तो दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारने आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या, तेव्हा खडकी म्युनिशन्स इंडियाकडे गेली आणि इशापूर दुसऱ्या कंपनीत.

‘सगळ्यात अचूक कुठली’ हा प्रश्न पॉइंट ३१५ वाल्याला पडतच नाही, कारण दुकानात मिळतं ते घ्यायचं असतं! २४४ ग्रेनची, मऊ टोकाची, माझ्या हिशेबात सव्वासोळा मासे. परवान्यावर जेवढी लिहिलेली तेवढीच काडतुसं मिळतात, त्यात दहा-दहाचे ग्रुप मारून बघायची चैन कुणाला परवडते? म्हणून आमच्याकडे मी वेगळा सल्ला द्यायचो : काडतूस निवडता येत नसेल तर नळी सांभाळा. जुन्या पुष्कळ काडतुसांच्या टोपीतलं रसायन जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार सोडतं. कोकणातल्या पावसात तो क्षार दोन दिवसांत नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, खातो. आजोबांनी गोळी मारल्यावर नळीत उकळतं पाणी ओतलं असेल, तर अजून तिच्यात जीव असेल. नुसतं तेल लावून ठेवली असेल, तर आटे गेले असतील, आणि आटे गेलेल्या नळीला जगातलं कुठलंही काडतूस अचूक करू शकत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण नळीचा पीळ गंजाने जातो. रायफल जमा करताना विक्रेत्याच्या कारागिराला नळी आरपार बघायला सांगा, खड्डे पडलेत का ते तो दोन मिनिटांत सांगेल.

ती दोन खोकी मात्र वापरायची नाहीत. कोकणातल्या कपाटात तीस-चाळीस पावसाळे काढलेलं काडतूस कधी उडतच नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी उशिरा उडतं. घोडा दाबला, काही झालं नाही, म्हणून लगेच बोल्ट उघडला, आणि त्याच क्षणी ते पेटलं, असं झालं तर तोंडावर येतं. रेंजवर आमचा नियम आहे : नाही उडालं तर नळी समोरच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं. ही काडतुसं रायफलबरोबरच जमा करा, मोजून, पावतीवर आकडा लिहून घेऊन. आणि कुणी ‘८ एमएमचीच आहेत, चालतील’ म्हणून माउझरची ८ बाय ५७ आणून दिली, तर त्याला घराबाहेर काढा. नावात आठ असलं तरी ते वेगळं काडतूस आहे, त्याचा दाब वेगळा आहे, आणि ते तुमच्या आजोबांच्या रायफलसाठी नाही. नळीवर काय कोरलंय ते वाचायचं आणि तेवढंच घालायचं.

काकांना माझा नमस्कार सांगा. परवाना झाला की नळीचा कारागिराने दिलेला शेरा मला कळवा, पुढच्या अंकात त्यावर लिहीन.